डिफरन्सला कुलूप

चार चाकांना ताकद देणारी गाडी प्रत्यक्षात दोनच चाकांवर चालते, हे मला कळलं तेव्हा मी खाडीकडच्या बांधावर गुडघाभर चिखलात उभी होते आणि गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पुढचं डावं चाक चिखल उडवत गरागरा फिरत होतं, मागचं उजवं तसंच. उरलेली दोन चाकं चांगल्या घट्ट जमिनीवर होती आणि ती ढिम्म हलत नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, "फोर बाय फोर ना गो ही?" मी म्हटलं, "कागदावर."

गाडी ही नवऱ्याची हौस. तो जहाजावर असतो, सहा-सात महिने तिकडे आणि उरलेले इकडे, आणि इकडे असला की त्याला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. एका सुट्टीत त्यानं ही जुनी पिकअप आणली. मी तोंड वाजवायचं तेवढं वाजवलं. मग तो गेला जहाजावर आणि चावी राहिली माझ्याकडे. अंगणात उभी राहून गंजण्यापेक्षा बरी, म्हणून मी चालवायला शिकले. आता खोटं कशाला बोलू, त्या गाडीनंच मला कमावतं केलं. नागावला घरगुती खोल्या भाड्यानं देणाऱ्यांकडे बर्फ, भाजी, नारळ पोचवायचे आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या वाळूत रुतलेल्या गाड्या ओढून काढायच्या. पाटी वाचायची नाही, भरती बघायची नाही, गाडी थेट लाटेत घालायची आणि मग "ताई, प्लीज" करत यायचं. मी आधी दोन शब्द सुनावते, मग दोर लावते.

पण ही गोष्ट वाळूची नाही, बांधाची आहे. आमचं गाव चौलच्या मागल्या अंगाला, खाडीला लागून. आमची भाताची शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मधे फक्त मातीचा बांध, मागच्या पिढ्यांनी हातानं घातलेला, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला हिरवंगार भात. त्या साली नारळी पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला. आम्ही त्याला खांड पडली म्हणतो. दोन भरत्यांचं खारं पाणी पार भातात शिरलं, पुढच्या भरत्या उतरत गेल्या, आत शिरलेलं ओहोटीला थोडं निघून गेलं, उरलेलं पावसानं धुतलं. भात पिवळं पडलं पण मेलं नाही. दुसरं उधाण मात्र त्याला सोसलं नसतं, आणि ते यायचं होतं अमावास्येला. एकदा खारं जमिनीत मुरलं की तीन-तीन वर्षं तिथे धड गवत उगवत नाही.

आमची तीन खाचरं बरोबर त्या खांडीच्या तोंडाशी. खांड पडली त्या दिवशी सासरे ओटीवर बसून होते. गुडघे गेल्यापासून ते दोन वर्षं बांधावर गेले नव्हते. मी चिखलाचे पाय धूत होते तेव्हा ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सुनबाय, या टायमाला खारं मुरलं तं मी सही करून टाकनार."

सही म्हणजे जमीन विकायच्या कागदावर. दर दिवाळीला एक माणूस पेढे घेऊन यायचा आणि दर दिवाळीला सासरे त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवायचे. विकायचा शब्द या माणसाच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता. मी एक पाय तसाच चिखलाचा ठेवून फावडं शोधायला उठले.

खांड पडली की जोळ लागतो. घरटी एक माणूस, आपलं फावडं, आपलं घमेलं, पगार नाही, बांध पुरा होईपर्यंत सुटका नाही. कुणी बोलवायला येत नाही आणि कुणी चुकवतही नाही. आमच्या घरातून कोण जाणार? मीच. पण या वेळची खांड नुसत्या चिखलानं बुजणारी नव्हती, तिला दगड हवे होते. दगड गावाच्या रस्त्यापर्यंत येत होते, आणि रस्ता ते खांड म्हणजे मैलभर ओला, गोल पाठीचा, जेमतेम गाडीच्या रुंदीचा बांध. ट्रॅक्टर घातला तर मागची ट्रॉली घसरून आणखी एक खांड पाडेल. होडीतून आणावे तर भरतीला खांडीतला ओढा होडीलाच आत खेचतो. म्हणून मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "माझी गाडी जाईल." आणि ती पहिल्याच फेरीला, रिकामी असताना, दोन चाकं फिरवत बसली.

रेवदंड्याला बंदराजवळ एका मिस्त्रीची शेड आहे. तो मूळचा बोटींच्या इंजिनाचा माणूस, गाड्या जोडधंदा म्हणून करतो. मी गेले ती तणतणतच. "ही कसली चार चाकांची गाडी? फसवलंय आम्हाला."

"फसवला न्हाय, वयनी. डिफरन्स हाय तो."

"काय फरक आहे?"

"फरक न्हाय. डिफरन्स." त्यानं टेबलावरचा, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतून काढलेला एक काळा, तेलकट लोखंडी गोळा माझ्यापुढे सरकवला. दोन्ही बाजूंना दोन आखूड दांडे, मधे दातेरी चाकं. "हा डावा चाक समज, हा उजवा. आता मधला फिरव."

मी फिरवला. दोन्ही दांडे सारखे फिरले. "आता डावा धरून ठेव." मी धरला आणि फिरवला, तर उजवा दुप्पट पळाला. उजवा धरला, डावा पळाला. एकाला थोडंसंच अडवलं तर दुसरा बरोबर तेवढंच जास्त फिरला, ना कमी ना अधिक. मी परत परत करून बघितलं. "गाडी वलते तवा भायेरच्या चाकाला जास्त पल्ला, आतल्याला कमी," मिस्त्री म्हणाला. "दोघांना एकाच दांड्याला बांधला तं भांडतील. हा डिफरन्स दोघांना ज्याचं त्याला देतो."

"आणि याला कळतं कसं, कुणाला किती द्यायचं ते?"

"त्याला काय कलत न्हाय. चार दातेरी चाकं हायत आत."

मला खरंच भरून आलं. वायर नाही, बटण नाही, डोकं नाही. चौलच्या त्या सगळ्या वळणांवर, वाडीच्या गडग्यांना चाटून जाताना, इतकी वर्षं माझ्या बुडाखाली हा गोळा दर वळणाला बिनचूक वाटणी करत होता आणि मी त्याला शिव्या देत होते. ज्या कुणाच्या डोक्यातून हे पहिल्यांदा निघालं असेल त्याच्या पाया पडावं असं वाटलं. चहा आला होता, तो तसाच गार झाला.

"मग चिखलात काय होतं त्याला?"

"येकच खोड हाय. जिकडं सोपं, तिकडं सगला. घसरनारा चाक फिरायला सोपा, म्हनून फिरनं सगला त्यालाच. घट्ट जमिनीवरचा बसून ऱ्हातो."

"म्हणजे लाडावलेल्या जावयासारखं. करत काही नाही आणि ताट पहिलं त्याला."

मिस्त्री हसला. मग तिथेच, डब्यांवर बसून, आम्ही उपाय काढले. सगळ्यात भारी म्हणजे हवेचं कुलूप. बटण दाबलं की दाबाची हवा नळीतून जाते आणि दोन्ही चाकं एक होतात, परत दाबलं की मोकळी. किंमत विचारली आणि मी उठून उभी राहिले, तेवढ्यात निम्मी गाडी आली असती. शिवाय खाऱ्या हवेत ती नळी, तो पंप, त्या वायरी किती दिवस टिकणार? दुसरं, आतली चार चाकं काढून त्या जागी बसवायचं आपोआप लागणारं कुलूप. जोर दिला की लागतं, वळताना कटकट करत सुटतं. ते परवडण्यासारखं होतं, ओढूनताणून. पण मागवायचं, यायचं, बसवायचं यात अमावास्या निघून गेली असती. तिसरं पट्ट्यांवर चालणारं. ते अर्धवट धरतं, जुनं मिळतं, पण जुन्याच्या पट्ट्या झिजलेल्या असतात आणि चाक पार सुटलं की ते हात वर करतं. आणि चौथं सगळ्यात स्वस्त. वेल्डिंग.

"आतली चाकंच डाकून टाकायची," मी म्हटलं, कारण हे मी नागावच्या किनाऱ्यावर गाड्या पळवणाऱ्यांकडून ऐकलं होतं. "कायमची एक."

"मारू नको डिफरन्स, वयनी. वालूत चालंल, बांधावर न्हाय चालनार."

"का नाही चालणार?"

"बांधाला पाठ हाय."

मला हे उत्तर पटलं नाही. हातातले दिवस सरत होते, आणि मला कुणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं, हा माझा जुना रोग. मी तिथून उठले आणि अलिबागच्या रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे गाडी घातली. त्यानं मागच्या चाकांचा डिफरन्स उघडला, काही विचारलं नाही, ठिणग्या उडवल्या, बंद केला. दुपारपर्यंत काम फत्ते. घरी येताना चौलच्या वळणावर टायर असे किंचाळले की देवळाच्या पायऱ्यांवर बसलेले म्हातारे उठून उभे राहिले. स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं होतं. तरी मी खूश. नागावला ओल्या वाळूत मुद्दाम गाडी घालून बघितली, तर नुसती सरळ चढली. मी एकटीच मोठमोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी दगड भरून बांधावर घातली. पहिला अर्धा मैल एवढी सुरेख गेली की लोक फावडी थांबवून बघत होते. मग बांध तिरका झाला. बांधाला पाठ असते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मधे उंच, दोन्हीकडे उतार, आणि चिखल साबणासारखा. आधी काय व्हायचं, एक चाक घसरायचं तेव्हा दुसरं निदान पाय रोवून उभं असायचं. आता दोन्ही एकाच दमात घसरली आणि गाडीचं ढुंगण खाडीकडे सरकायला लागलं. पुढे उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दाराशी, वळण आहे. मी स्टिअरिंग पुरं वळवलं आणि गाडी सरळच गेली. मागची दोन्ही चाकं एकीनं पुढच्यांना ढकलत होती, माझं कोण ऐकतंय! खाडीच्या काठावर पुढचं एक चाक लटकलं तेव्हा ती थांबली. अर्धे दगड गडगडत पाण्यात गेले.

होडीचे दोर आणून तीस-चाळीस माणसांनी गाडी मागे ओढली. ओढून झाल्यावर जो तो आपल्या फावड्याकडे परत गेला. मला कुणीतरी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चार परत दिल्या असत्या. मी बांधाच्या आतल्या बाजूला, आमच्याच खाचराकडे तोंड करून बसले आणि रागानं रडले. समोर पिवळं हिरवं होऊ लागलेलं भात होतं. अमावास्येला नऊ दिवस राहिले होते आणि माझ्यामुळे एक दिवस आणि अर्धी गाडी दगड फुकट गेले होते.

मिस्त्रीकडे परत जायला मला किती लाज वाटली ते माझं मला ठाऊक. वाटलं होतं, आता हा ऐकवणार. त्यानं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, हात पुसले आणि विचारलं, "वयनी, तू होडी वल्हवलीस कधी?"

"नाही."

"दोनी वल्ही एकाला एक बांधून मारली तं होडी सरल जाते. वलवायची तं एक वल्हा धरायचा, दुसरा मारायचा. चाकाला बी तसाच. धरायला शिक."

आणि मग त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. गाडीचा हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागतो, एकाच दांड्यानं. तो दांडा काढायचा आणि त्या जागी दोन दांडे लावायचे, एक डाव्या चाकाचा, एक उजव्याचा. डावं चाक घसरून फिरायला लागलं की डावा दांडा हलकेच ओढायचा. फिरणाऱ्या चाकाला फिरणं अवघड झालं की ताकद आपोआप दुसऱ्याकडे जाते. त्याच्या टेबलावर मी हातानं डावा धरला होता आणि उजवा पळाला होता, तेच. डिफरन्सला कुलूप लावायचंच नाही. तो मोकळाच ठेवायचा आणि त्याच्या खोडीनंच त्याला कामाला लावायचं.

वेल्डिंग मारलेला डिफरन्स फेकला. भंगारातून त्याच मापाचा दुसरा निघाला. दांडे आणि केबल आणखी कुठल्या कुठल्या जुन्या गाड्यांच्या. त्यानं एका बोटीचं काम बाजूला ठेवून दोन दिवसांत हे उभं केलं, आणि सगळ्याचा खर्च माझ्या वेल्डिंगच्या फुकट गेलेल्या खर्चापेक्षा थोडाच जास्त आला. रस्त्यावर चालताना दोन्ही दांडे एका खिळीनं एकमेकांना जोडायचे, बांधावर आलं की खिळी काढायची. बंदराच्या कडेच्या चिखलात त्यानं मला शिकवलं. उजवं चाक गरगरायला लागलं, मी उजवा दांडा ओढला, आणि मेल्यासारखं पडलेलं डावं चाक जागं झालं. गाडी शहाण्या बाईसारखी उठून चालायला लागली. "बाई गं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. मिस्त्री म्हणाला, "हळू. होडी बी झटका मारला की उलटते."

पण बंदराचा चिखल वेगळा आणि बांध वेगळा. पहिल्या फेरीला माझी तारांबळ उडाली. चाक घसरलंय हे मला कळेपर्यंत ते खड्डा करून बसलेलं असायचं, मग मी दांडा ओढणार, तोही चुकीचा. खांडीपर्यंत एक फेरी करायला दोन तास लागले. घरी येऊन मी ओटीवर बसले आणि सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, हात आहेत पण अक्कल वेळेवर येत नाही."

ते म्हणाले, "उद्या मी येतो."

"कुठे?"

"गाडीत. गुडघं गेलं, हात हाईत ना? माजा बी जोळ हाय."

मी नाही म्हटलं. गाडी कलंडली तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सीटवरची पोती काढायला उठले. सकाळी शेजारच्या दोघांनी धरून त्यांना बाजूच्या सीटवर बसवलं. दोन्ही दांडे आमच्या दोघांच्या मधे होते. त्यांनी टोपी नीट केली आणि दोन हातांत दोन दांडे धरले, नांगराच्या बैलांचे कासरे धरावेत तसे. मी म्हटलं, "मी सांगेन तेव्हा ओढा हं."

गाडी निघाली. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "उजवा." चाक अजून घसरलं नव्हतं. पण त्यांनी उजवा दांडा चिमूटभर ओढून धरला, आणि उजवीकडची जमीन खचली तेव्हा गाडी नुसती हलली आणि पुढे गेली. मी बघतच राहिले. "तुम्हाला कसं कळलं?"

"हितं जुनी खांड हाय. तुज्या नवऱ्याच्या जल्माच्या साली गेलती. वरून माती धरते, खाली पेंढा हाय. आमीच घातलेला." थोडं पुढे, "आता डावा. हितं खेकडं पोखरतात." मग, "हितं दोनी सोडतो, घट्ट हाय. हितं माजा बाप बसायचा." अख्खा मैल हा माणूस मला बांध वाचून दाखवत होता. कुठल्या साली कुठे फुटला, कुणी कुठली माती कुठून आणून घातली, कुठे दगड आहेत आणि कुठे नुसता भरवसा. दोन वर्षं ते ओटीवर बसून होते आणि मला वाटायचं, म्हातारा झोपलाय. त्यांच्या डोक्यात बांधाची वीत न् वीत जागी होती. उघाडीच्या त्या वळणावर त्यांनी आतलं चाक असं अलगद धरलं की गाडी त्याच्याभोवती गोल फिरून वळली. जगातलं कुठलंही महागातलं कुलूप बसवलं असतं तरी जमिनीखाली पेंढा आहे हे त्याला कुणी सांगितलं असतं?

खांडीपाशी पोचलो तर जोळातली माणसं आधी गाडीकडे बघेनात, सासऱ्यांकडे बघत राहिली. मग एकेक जण येऊन, दार उघडून त्यांच्या पायांना हात लावून जाऊ लागला. मी करवादले, "पाया नंतर पडा, आधी दगड उतरवा!" सगळे हसले आणि कामाला लागले. त्या दिवशी आम्ही सहा फेऱ्या केल्या. पुढचे दिवस दहा-दहा. अष्टमीपासून एकादशीपर्यंत भरती कमी चढते, भांग म्हणतात त्याला, तेवढ्यात पाया भरून झाला. मग पाणी रोज थोडं थोडं जास्त चढत गेलं, आणि बांधही रोज थोडा थोडा वर आला. दगड मी आणत होते, पण तो बांध चिखलानंच उभा राहिला. दोन रांगा, एका हातातून दुसऱ्या हातात चिखलाचे गोळे, सकाळपासून पाणी चढेपर्यंत. तोंडानं आकडा नाही, हाकाटी नाही, नुसता चपचप आवाज. इतक्या माणसांना एकाच वेळी एकच काम करताना बघितलं की काळजात काहीतरी हलतं, मला तरी हललं.

अमावास्येला उधाण दुपारी होतं. सकाळी शेवटची फेरी करून मी गाडी नव्या बांधाच्या थोडी अलीकडे उभी केली, सासरे आतच बसून राहिले, उतरायला तयार नव्हते. आम्ही सगळे नव्या बांधावर उभे होतो. खाडी फुगत आली. आवाज नव्हता, लाट नव्हती, नुसतं पाणी जाड होत वर येत होतं. बांधाबाहेरची खाजणाची दलदल बुडाली, तिवरांचे शेंडे बुडाले, आणि मग पाणी बांधाच्या काठाला लागलं, आमच्या पावलांपासून वीतभर खाली. एका बाजूला ही एवढी खाडी, दुसऱ्या बाजूला खाली भात, आणि मधे आमच्या हातांचा ओला चिखल. मला वाटलं, आपली माणसं किती वेडी असतील की त्यांनी हे पहिल्यांदा करायचं ठरवलं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. बांधाच्या आतल्या पायथ्याशी, बरोबर आमच्या खाचराच्या बाजूला, पाणी पाझरत होतं. बारीक धार. सगळे वाकून बघू लागले. पावसाचं मुरलेलं पाणी बाहेर येतंय की खाडी आत येतेय? शेतात खारं शिरलंय का हे बघायला आमच्याकडे यंत्र नाही, जीभ आहे. मी खाली उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. खारट! मग लक्षात आलं, हात घामानं माखलेले, ओठ खाऱ्या वाऱ्यानं, तोंडात सकाळपासून तीच चव. परत चाखलं. आता काहीच कळेना. शेजारच्यानं चाखलं, त्यालाही सांगता येईना, सगळ्यांचीच तोंडं खारट झाली होती.

एकच माणूस होता ज्यानं आज घाम गाळला नव्हता. मी डब्याचं झाकण धुतलं, त्यात ती धार धरली आणि बांधावरून चालत निघाले. धावता येईना, सांडलं असतं. मागे सगळा जोळ माझ्याकडे बघत होता, मला पाठीवर ते जाणवत होतं. गाडीच्या खिडकीतून मी झाकण आत दिलं. सासऱ्यांनी विचारलं नाही काय आहे. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, एक घोट घेतला, आणि डोळे मिटून तोंडात तसाच ठेवला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली गेला. त्यांनी दुसरा घेतला. माझा जीव टांगणीला, आणि हा माणूस सावकाश पितोय.

झाकण रिकामं करून त्यांनी मला परत दिलं. डोळे भरलेले होते, पण तोंड आंबट केलेलं, जेवताना आमटी अळणी लागल्यावर करतात तसं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.